जाळ्याला खिडकी

१२ नोव्हेंबर. सकाळचं पहिलं काम, दुधीचा वेल लोखंडी चौकटीवरून सोडवणे. वेल जून झाला होता. त्याचे तणावे गजांना असे गुंडाळले होते की ओढून तुटत नव्हते, कोयत्याने एकेक कापावा लागला. दोन दुधी कोवळे निघाले, ते घरात नेले. बाकीचा वेल उकिरड्यावर टाकला. मग चौकट आडवी पाडली आणि नारळाच्या काथ्याने घासायला बसले. गंज निघत होता, पण हाताला चिकटत होता, आणि तीन दिवसांत ही चौकट परदेशी माणसांना दाखवायची होती.

चौकट म्हणजे छातीपर्यंत येईल एवढं लंबगोल लोखंडी कडं. त्यात उभे गज, दोन गजांमध्ये मूठ जाईल एवढं अंतर. ट्रॉलर जे जाळं ओढतो त्याच्या गळ्यात ती तिरकी शिवायची असते. कोळंबी गजांमधून मागे निघून जाते. कासव अडतं, गजांवरून घसरत वर सरकतं आणि जाळ्याला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतं. भोकावर जाळीचाच एक पदर असतो, तो कासवाच्या धक्क्याने उघडतो. सरकारी कागदांत याला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे. आमच्या बंदरात सगळे खिडकी म्हणतात.

काही वर्षांपूर्वी मत्स्य खात्याने प्रत्येक ट्रॉलरला अशी एक खिडकी फुकट दिली होती. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये एक दिवस शिकवलं, चहा-वडा झाला, आणि खिडक्या घरोघर गेल्या. माझ्या धाकट्या दिराचा ट्रॉलर आहे. त्याच्या अंगणात जागा नव्हती म्हणून त्याची खिडकी माझ्या परसात आली. मजबूत लोखंड रिकामं उभं होतं. मी बुडाशी दुधी लावला. शेजारणीने तिच्याकडच्या खिडकीवर बांगडे सुकवले. यात कुणाला काही वाटलं नाही, कारण त्या खिडकीचा आमच्या पोटाशी काही संबंध आहे असं तोवर कुणाला दिसलं नव्हतं.

संबंध होता. बंदराच्या वरच्या अंगाला माझी कोळंबी सोलायची शेड आहे. उतार दिलेला कोबा, स्टीलची दोन लांब टेबलं, बर्फाची पेटी आणि दहा-बारा बायका. दिराचा आणि आणखी दोघांचा ट्रॉलर माल आणतो. बायका डोकं काढतात, साल काढतात, पाठीतला काळा दोरा ओढतात. धुतलेली कोळंबी बर्फात घातली की संध्याकाळी कारखान्याची गाडी येते. कारखाना ती गोठवतो आणि जहाजाने बाहेर पाठवतो. नवरा लोटेला एका केमिकल कंपनीत आहे, आठवडाभर तिकडेच राहतो. त्याचा पगार मुलांच्या शिक्षणाला गेला. घर या शेडवर उभं राहिलं, आणि शेडवर फक्त माझंच घर नाही.

अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद करून काही वर्षं झाली होती. कारण हेच, जाळ्यात कासवं मरतात आणि तुम्ही खिडकी बसवत नाही. कारखान्याने तो माल दुसरीकडे वळवला, भाव खाली आला, आम्ही कुरकुरत चालवून घेतलं. मग दिवाळीच्या आधी कारखान्याचा खरेदी बघणारा माणूस शेडवर आला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"ताई, तपासणीला माणसं येतायत तिकडून. आपल्या बंदरावर पण येणार. बघून गेले, पसंत पडलं, तर दार उघडेल."

"आणि नाही पडलं तर?"

"मालक म्हणतात, मग समुद्रातली कोळंबी कशाला? तळ्यात वाढवलेली आंध्रातून येते. सोललेलीच येते."

सोललेलीच येते, हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मला एवढं पुरे होतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. धुतलेले क्रेट पुन्हा धुवायचे, बर्फाच्या पेटीचं बिजागर दोनदा बदलायचं, असं चालू होतं. बायकांना मी सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, जी माझ्या सासूच्या वेळेपासून कोळंबी सोलते, हात न थांबवता म्हणाली, "कासवाला खिडकी हवी. आमच्या शेडला हाय का एक? उन्हाळ्यात भाजतो आम्ही, तेव्हा कोण नाय आला तपासायला."

बायका हसल्या. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी दोन जणींनी मला वेगळं गाठून विचारलं, काकी, खरंच बंद होईल का?

तर १२ तारखेला खिडकी घासून झाली, टेम्पोत घालून जेट्टीवर नेली. दिराने जाळं पसरून ठेवलं होतं. तो आणि त्याचा तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारा, दोघे खिडकी शिवायला बसले. फिशरीज कॉलेजात जाळ्यांचा विषय शिकवणारे एक सर कोन तपासायला आले होते. खिडकी फार उभी झाली तर कासव अडकून राहतं आणि फार आडवी झाली तर माल जातो. सर कमी बोलतात, पण विचारलं की सांगतात. मी विचारलं, "सर, ही अट घालणारे कोण? आपण मत दिलंय का त्यांना?"

"आपण भांडलो होतो यावरून," सर म्हणाले. "आपण म्हणजे भारत. बरोबर आणखी तीन देश होते. देशादेशांच्या व्यापाराचे नियम जिथे ठरतात तिथे, जिनिव्हाला."

"मग? जिंकलो की हरलो?"

"दोन्ही."

"सर, माझा बर्फ वितळतोय तिकडे. एक काय ते सांगा."

ते हसले आणि खिडकीवर हात ठेवून सांगायला लागले. निवाडा करणाऱ्यांनी म्हटलं, कासव वाचवायला अट घातली यात गैर नाही. गैर आहे ती अट लावायची पद्धत. काही देशांना अमेरिकेने तीन वर्षांची मुदत दिली, शिकवायला माणसं पाठवली. आपल्याला चार महिने. आधी बोलणं नाही, विचारणं नाही. सगळ्यांना एक माप लावा, वेळ द्या, आणि ज्याची त्याची पद्धत तेवढीच परिणामकारक असेल तर ती पण चालवून घ्या. मग अमेरिकेने पद्धत सुधारली. अट राहिली.

"आणि निवाडा नाही पाळला तर? पोलीस येतात?"

"कुठले पोलीस? जिंकलेला देश हरलेल्याच्या मालावर जकात चढवू शकतो, तेवढंच. मोठ्या देशाला छोट्याची जकात किती लागणार?"

"मग पुन्हा भांडा की."

"वरच्या पायरीवर आता न्यायाधीशच नाहीत. नेमायला सगळ्यांची संमती लागते आणि एक देश देत नाही. अपील केलं की प्रकरण तिथेच पडून."

"कुठला देश?"

सरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला समजलं.

दीर जाळ्याखालून ओरडला, "म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच ना सर. कोरम नाय, सभा तहकूब."

घरी जाताना मी त्या निवाड्याचाच विचार करत होते. कोर्टकचेऱ्या मला आवडत नाहीत, पण हा निवाडा मला पटला. सगळ्यांना एक माप आणि तयारीला वेळ, एवढ्यावर माझी शेडही चालते. एका बोटीचा माल मऊ असला तरी घेतला आणि दुसरीचा परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी जेट्टीवर तोंड दाखवता येत नाही.

१४ तारखेला सकाळी मी जेट्टीवर पुन्हा गेले. काही काम नव्हतं, घरात पाय ठरत नव्हता एवढंच. जाळं गुंडाळून ठेवलं होतं. मी खिडकीच्या वरचं भोक शोधलं आणि पदर उचलून बघायला गेले, तर उचलेना. कडेने बारीक दोऱ्याने शिवून टाकला होता. दोरा जाळ्याच्याच रंगाचा. दुरून कुणाला दिसला नसता.

"भावोजी, हे काय?"

दीर डिझेलचा कॅन ठेवून आला. "काय झालं?"

"पदर शिवलाय."

"उद्यापुरता सोडणार ना. तू काळजी करू नको."

"उद्या सकाळी घाईत विसरलात तर?"

"वहिनी, त्या भोकातून कोळंबी जाते गो. माप घेऊन बघ हवं तर. दिवसभर डिझेल जाळायचं नि माल समुद्राला परत द्यायचा?"

"जेवढी जाते त्यापेक्षा शेड बंद झाली तर जास्त जाईल. कात्री द्या."

त्याने कात्री दिली नाही, कोयती दिली. मी टाके कापले. तो बाजूला उभा राहून म्हणत होता की पदर मोकळा हवा हे त्यालाही माहीत आहे, तो काही मूर्ख नाही, आणि मी त्याला शाळेच्या चड्डीत बघितलंय म्हणून अजून तसंच समजते. हे खरं होतं. पदर दोनदा उचलून बघितला आणि घरी निघाले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे तपासणी आली की झाडांच्या बुंध्यांना गेरू लावतात. तुमच्याकडे निदान खिडकी तरी खरी आहे." मग म्हणाला, जेवून घे. मी जेवले नाही, सोसायटीच्या हॉलमध्ये गेले. तिथे उद्याची तयारी चालू होती, आणि तिथेच मला कळलं की दिराने माझ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. वाईट हेतूने नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून.

आमच्याकडे जाळ्यात कासव आलं की त्याला तसं टाकत नाहीत. डेकवर पाणी शिंपडून ठेवतात, पाठीवर हळद-कुंकू वाहतात, बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, नारळ फोडतात आणि हात जोडून समुद्रात सोडतात. देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत कासव असतं, तोच मान. हल्ली प्रत्येक जण मोबाइलवर हे चित्रण करतो आणि ग्रुपवर टाकतो. दिराने बंदरातल्या सगळ्या बोटींकडून ही चित्रणं गोळा केली होती. एकामागून एक जोडून, वर सनई लावून, हॉलच्या टीव्हीवर चालवून बघत होता.

"बघ," तो म्हणाला. "उद्या स्वागत झालं की हे लावायचं. त्यांना कळू दे, आम्ही कासवाला मारणारी माणसं नाय. आम्ही पूजा करणारी माणसं."

टीव्हीवर एक कासव होतं. कुंकवाने पाठ लाल झालेली. मागे मासळीचा ढीग, आणि ढिगाच्या मागे जाळं. मग दुसरं कासव, दुसरी बोट. मग तिसरं. प्रत्येकात जाळं दिसत होतं आणि बोटींचे नंबरही दिसत होते.

"भावोजी, ते काय बघायला येतायत?"

"खिडकी."

"कशासाठी खिडकी?"

"कासव जाळ्यात राहू नये म्हणून."

"आणि हे काय आहे?"

त्याने टीव्हीकडे बघितलं. सनई चालू होती. मग म्हणाला, "सोडलं की त्याला."

"खिडकी असती तर सोडायला तुमच्या हातात आलंच नसतं."

"यात लपवायचं काय वहिनी? चोरी केली काय?"

मी चेअरमनना बाजूला घेतलं. ते खुर्च्या मोजत होते. त्यांनी चित्रण बघितलंच नव्हतं. "अहो ताई," ते म्हणाले, "संस्कृती आहे आपली. इम्प्रेशन पडेल." मी सांगितलं ते त्यांच्या कानात शिरलं नाही, त्यांना उद्याच्या नारळ आणि शालींची चिंता होती. शेवटी मी दिरालाच म्हटलं, निदान एकच ठेवा. तो म्हणाला, इतर बोटवाल्यांना काय सांगू, तुमचं कासव काढलं? घरी येऊन मी ओटा धुतला, जो स्वच्छ होता.

१५ तारखेला दुपारी ते आले. एक उंच माणूस आणि एक बाई, माझ्याच वयाची, पायात साधे बूट, हातात टेप आणि कोन मोजायचं यंत्र. आपल्याकडचे चार-पाच अधिकारी, त्यातला एक दुभाषा. हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि मी मागे दाराशी उभी होते. मला खुर्ची दिली होती, पण मी बसू शकत नव्हते. टीव्हीचा पेनड्राइव्ह काढून घ्यावा असं एकदा मनात आलं. दीर टीव्हीला पाठ लावूनच उभा होता.

शाली झाल्या. चेअरमन उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या या समुद्रात कासव जाळ्यात येणं ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. जवळजवळ येतच नाही म्हणा ना." दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. मग चेअरमननी दिराला खूण केली.

पहिलं कासव आलं. नारळ फुटला, खलाशांनी मोरयाचा गजर केला. दुसरं आलं. तिसरं. चौथ्या कासवाला अगदी झेंडूचा हार होता. हॉलमध्ये आमची माणसं कौतुकाने बघत होती, कुणी म्हणालं, तो बघ माझा शर्ट. पाचवं कासव आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने मान खाली घातली. त्यानंतर चेअरमननाही उमगलं, कारण त्यांनी रुमाल काढला आणि मान पुसायला लागले. सनई थांबायचं नाव घेईना. मी दाराची कडी उघडत होते आणि लावत होते, ते मला शेजारच्या बाईने हात धरला तेव्हा कळलं.

चित्रण संपलं. परदेशी बाईने हात जोडले, आधी टीव्हीला, मग दिराला. मग तिने विचारलं आणि दुभाष्याने मराठीत सांगितलं, "हे फार सुंदर आहे. जाळं पाण्यात किती वेळ असतं?"

"अडीच तास," दीर म्हणाला. "कधी तीन."

"कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं."

"हो. म्हणूनच डेकवर ठेवतो जरा. दम घेऊ देतो."

"सगळी जिवंत असतात?"

चेअरमन म्हणाले, "हो हो, सगळी." दुभाष्याने तोंड उघडलं. पण ती बाई चेअरमनकडे बघत नव्हती, दिराकडे बघत होती. टीव्हीवर शेवटचं चित्र तसंच थांबलेलं होतं, कुंकू लावलेली पाठ. दिराने एकदा मागे वळून तिकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मेलेली पण येतात. त्यांना पण नारळ देतो. त्यांचं चित्रण नाही काढत."

दुभाषा घोटाळला. त्याने आपल्या साहेबांकडे बघितलं. साहेब जमिनीकडे बघत होते. मग त्याने ते इंग्रजीत सांगितलं. बाईने मान हलवली. खोटी सहानुभूती नाही, राग नाही. तिने विचारलं, "जाळं बघू या?"

जेट्टीवर त्यांनी जाळं टांगून घेतलं. कोन मोजला, गजांमधलं अंतर मोजलं, पदर हाताने उघडून बघितला, पुन्हा पुन्हा. सरांचा कोन बरोबर निघाला. पदरही मोकळा होता. उंच माणूस काहीतरी म्हणाला आणि दुभाषा म्हणाला, चांगलं बसवलंय. पण पसंत की नापसंत हे कुणी सांगितलं नाही. ते सांगायचा त्यांना अधिकारच नव्हता. ते बघून जाणार, तिकडे लिहिणार, आणखी कुणी वाचणार, वर्षातून एकदा यादी निघते त्यात देशाचं नाव असेल किंवा नसेल. अख्ख्या देशाचं. आमच्या बंदराने चांगलं केलं आणि दुसऱ्या किनाऱ्याने नाही, तरी दार एकच.

गाड्या गेल्या. चेअरमन दिरावर तुटून पडले. "देशाची अब्रू घालवलीस!" दीर म्हणाला, "अब्रू तुमच्या भाषणात गेली, माझ्या कासवात नाय." मग दोघे वेगवेगळ्या दिशांनी निघून गेले.

दिवेलागणीला खरेदीवाल्याचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं.

"ताई, निकाल लागायला उन्हाळा उजाडेल. मालक तोवर थांबत नाहीत. उद्यापासून कोळंबी नको."

मी हे ऐकायची तयारी करून बसले होते. मी फोन ठेवला नाही. "आणि म्हाकूल?" मी विचारलं. म्हाकूल, हॉटेलवाले ज्याला स्क्विड म्हणतात, तेही आमच्या बोटींना भरपूर येतं, त्या दिवसांत तर फारच.

"म्हाकूल पाठवा की. साफ करून, डोकं वेगळं, शाई नको. त्याला मागणी आहे."

"त्याला खिडकीची अट?"

"नाही. अट कोळंबीला आहे."

"म्हाकूल त्याच जाळ्यात येतं. त्याच बोटीला, त्याच वेळी."

"येऊ दे ना ताई. अट कोळंबीला आहे." तो थोडा वैतागला. मी त्याला किती क्रेट लागतील विचारलं आणि फोन ठेवला.

शेड वाचत होती. मला हायसं वाटायला हवं होतं आणि निम्मं वाटलंही. पण अंगणात येरझाऱ्या काही थांबल्या नाहीत. म्हणजे तेच जाळं, तीच अडीच तासांची ओढ, तेच कासव, फक्त वर निघालेल्या मालाचं नाव बदललं की जगातल्या कुणालाच काही विचारायचं नाही. मला कासवाची फार माया आहे असं नाही. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर मेलेलं कासव दिसलं तर मी वळसा घालून जाते, लोकांसारखी फोटो काढत थांबत नाही. पण दिराने भर हॉलमध्ये जे सांगितलं ते मी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं आता न ऐकल्यासारखं करता येत नव्हतं. शिवाय हिशोब साधा होता. आज कोळंबीला अट आहे, उद्या म्हाकुलालाही येईल, आणि तेव्हा पुन्हा चार महिन्यांची मुदत आणि पुन्हा हॉलमध्ये शाली. त्यापेक्षा आधीच केलेलं बरं.

दीर आला, पायरीवर बसला. "उद्या काढतो ती खिडकी," म्हणाला. "आता कोणासाठी ठेवायची?"

"चहा घ्या," मी म्हटलं. "मघाशी हॉलमध्ये जे बोललात, ते तसंच आहे ना?"

"खोटं कशाला बोलू?"

"किती येतात तशी?"

त्याने कप खाली ठेवला. "विचारू नको," म्हणाला.

सकाळी मी बायकांच्या आधी जेट्टीवर पोचले. तिन्ही ट्रॉलर रात्रीच्या फेरीहून येऊन लागले होते, खलाशी म्हाकुलाचे टब काढत होते. मी तिन्ही मालकांना एकत्र बोलावलं, एकेकट्याला नाही. सांगितलं, आजपासून शेड म्हाकूल घेते, कोळंबी बंद. भाव तिघांना सारखा. शिमग्यापर्यंत जसं येईल तसं घेईन. शिमग्यानंतर ज्याच्या जाळ्यात खिडकी असेल आणि पदर मोकळा असेल त्याचंच घेईन, आणि मी स्वतः येऊन पदर उचलून बघेन. खिडकी बसवायला सर येतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. माल किती जातो ते आधी महिनाभर मोजू या. जास्त जात असेल तर पदराचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवू, पण चोरून शिवायचा नाही.

एक मालक हसला आणि टब उचलून दुसऱ्या शेडच्या वाटेला लागला. दुसरा म्हणाला, विचार करतो. दीर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"वहिनी, तू कोण? अमेरिका?"

"मी म्हाकूल घेणारी. टब इकडे आणा."

त्याने शिवी हासडली, मला नाही, समुद्राला, आणि टब काट्यावर ठेवला. मी वजन करून घेतलं. मग शेडवर जाऊन टेबलावर एक म्हाकूल घेतलं, डोकं कसं ओढायचं आणि शाईची पिशवी न फोडता कशी काढायची ते बायकांना करून दाखवलं. पहिली पिशवी माझ्याच हातून फुटली. टेबल काळं झालं. पाणी ओतून पुसलं आणि दुसरं घेतलं.